पहिल्या नंबरचं लुगडं

मिलच्या फाटकाला लागूनच मिलचं कापडाचं दुकान होतं. आत विणलेला माल कामगारांना तिथं विकत मिळायचा. दुकानाच्या खिडकीत सुतळीवर एक हिरवं लुगडं घडी घालून टांगलेलं असे आणि त्याच्या काठाला टाचणीनं किमतीची चिठ्ठी लावलेली असे. बजाबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे ती ओळखायची. गेल्या शनिवारी तिनं चिठ्ठीवर नुसता तीनाचा आकडा पाहिला होता. आज तीनाच्या पुढं आणखी काही लिहिलेलं दिसलं.

"पंत, तीनाच्या म्होरं हे काय चिकटवलंय?"

यज्ञेश्वरपंत दुकानाचे कारकून. गेली पंधरा वर्षं त्याच गादीवर बसून त्यांच्या कोटाची पाठ भिंतीच्या चुन्यानं पांढरी झाली होती. मान वर न करता ते म्हणाले, "आठ आणे. साडेतीन रुपये झालं ते."

"आठ दिसांत? नऊ वाराचं धा वार झालं व्हय?"

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. पंतही थोडे हसले, पण चिठ्ठीला हात लावला नाही.

"लग्नसराई आहे, बजाबाई. मागणी वाढली की भाव चढतो."

"आन् कापूस? माजा भाऊ मोहोळच्या बाजारात गाडी घिऊन गेला हुता, तर बैलांच्या वैरणीचं पैसं बी सुटलं न्हाईत म्हनला. कापूस मातीच्या मोलानं आन् लुगडं म्हाग, हे कसं?"

"ते वरून ठरतं."

"वरनं म्हंजी कुटनं? आभाळातनं?"

"ऑफिसातून गं बाई! मला का विचारतेस? माझाही पगार कापलाय."

मंदीचं साल होतं ते. माल खपत नाही म्हणून मिलनं सगळ्यांच्या पगारात रुपयामागं दोन आणे कापले होते. बाजार उतरला म्हणून पगार उतरला, हे बजाबाईनं कसंबसं गिळलं होतं. पण आता बाजार चढला म्हणून लुगडं चढलं, आणि पगार मात्र उतरला तो तसाच राहिला. बाजाराचं हे चढणं-उतरणं तिच्या डोक्यात काही बसेना.

ते लुगडं तिला हवं होतं, आणि तेही पंधरा दिवसांच्या आत. तिची एकुलती एक लेक वच्छला वळसंगला दिली होती. तिला सातवा महिना लागला होता. पहिलटकरणीची ओटी भरायला आईनं हिरवं लुगडं घेऊन जायचं, ही रीत. वच्छलाची सासू मथुराबाई मनानं वाईट नव्हती, पण आलेलं कापड उजेडाला धरून चार बायकांना दाखवायची तिला खोड होती. बजाबाईनं चार महिने चहा सोडून, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाऊन तीन रुपये बाजूला काढले होते. बरोबर तीन.

*

त्या दिवसांत सोलापुरात घड्याळं थोडी आणि भोंगे फार. भोंग्यावर माणसं उठत, भोंग्यावर जेवत. सकाळच्या भोंग्याला बजाबाई कांड्या भरायच्या खात्यात जाऊन बसे. सूत लाकडी कांडीवर गुंडाळायचं, तुटलं की टोकाला टोक लावून गाठ मारायची, आणि भरलेल्या कांड्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पाठवायच्या. तिथं विणणारा त्या कांड्या धोट्यात घालून कापड विणायचा. बायकांना मजुरी कांड्यांच्या वजनावर मिळे.

बजाबाईची गाठ खात्यात नावाजलेली होती. बाजरीच्या दाण्याहून बारीक. पण चार महिन्यांपासून गाठी मारता मारता तिच्या अंगठ्याची कातडी सोलली होती. सूत हाताला लागलं की तुटायचं. आखूड धाग्याचा, मिसळीचा कापूस. पूर्वी दिवसात तीस-चाळीस गाठी पडायच्या, आता तेवढ्या एका टोपलीला पडत. गाठीला वेळ जाई आणि गाठीचं वजन तर कुणी धरत नव्हतं.

"यव्वा, हे सूत हाय का शेवया?" शेजारी बसणारी शिवम्मा म्हणाली. ती अक्कलकोटकडची, बोलणं अर्धं कानडी. "नव्या साहेबानं आणलेला कापूस. पैसं वाचवलं म्हणं त्यानं."

"कुणाचं वाचवलं?"

"मिलचं. आन् जेवडं वाचलं त्यात त्याचा वाटा. माजा दीर ऑफिसात पाणी भरतो, त्यानं ऐकलं. पगार म्हैन्याला बाराशे, बंगला येगळा, मोटार येगळी, आन् वर हा वाटा."

"बाराशे?" बजाबाईचा हात थांबला. तिला स्वतःला कापून आठ रुपये मिळत. बाराशेत आठ किती वेळा जातात, हे तिनं मनात करून बघितलं आणि सोडून दिलं. "एवडं पैसं खातो कसं गं तो माणूस?"

"चपातीला लावून," शिवम्मा म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की मुकादमानं पट्टा हाणल्यासारखी टाळी वाजवली.

हसणं झालं, पण आकडा काही बजाबाईच्या डोक्यातून गेला नाही. संध्याकाळी सुटताना तिनं पंतांना गाठलं.

"पंत, त्या सायबाला बाराशे कशापायी?"

पंतांनी इकडं तिकडं बघितलं. "हळू बोल. अगं, तसा माणूस मिळत नाही. आपण नाही दिले तर उद्या अहमदाबादची मिल पंधराशे देऊन घेऊन जाईल."

"जाऊ द्या की मग!"

"तसं नसतं."

"मी अमदाबादला जाते म्हनलं तर?"

"तू गेलीस तर फाटकाबाहेर वीस जणी उभ्या आहेत. त्याच्या जागी उभा राहायला कोण आहे? ज्याची टंचाई, त्याला मोल. अर्थशास्त्र म्हणतात त्याला."

"म्हंजी भायेर गर्दी हाय म्हणून माजं पोट बारीक?"

पंतांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता, ऊनही उतरलं होतं.

*

बजाबाईचा नवरा जोतीराम साचेखात्यात दोन साचे चालवायचा. त्या रात्री तो घरी आला तो बगलेत कापड घेऊन. न कापलेली धोतरजोडी. भिंतीशी टाकली आणि पाय धुवायला गेला. बजाबाईला विचारायची गरज पडली नाही. कापड गळ्यात मारलं होतं.

मिलचा जुना रिवाज होता तो. तपासणीच्या टेबलावर कापडात दोष निघाला, की ते विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची पुरती किंमत पगारातून कापायची. कधी वर्षा-दोन वर्षांतून एखाद्याला तसं कापड घरी न्यावं लागे, आणि तो माणूस चार दिवस मान खाली घालून चाले. आता रोज संध्याकाळी फाटकातून दहा-पंधरा जण बगलेत कापड घेऊन बाहेर पडत. सूतच कुजकं, तर कापड कुठनं नीट येणार?

"किती कापलं?" बजाबाईनं विचारलं.

"दोन रुपयं बारा आणं. दोन हप्त्यांनी." जोतीराम भाकरी मोडत म्हणाला. "अकरा वर्सांत पैल्यांदा."

बजाबाई तव्यावर भाकरी उलटायची विसरली. दोन रुपये बारा आणे. म्हणजे गळ्यात मारताना गोदामाचा भाव लावतात, दुकानाचा नाही. आणि वर हप्ते.

"अवो," ती म्हणाली, "हिरव्या लुगड्याचं सूत उद्यापासनं तुमच्याच साच्यावर यायचंय न्हवं?"

"व्हय. मग?"

"गोदामाच्या भावानं ते किती पडंल?"

"अडीच-पावणेतीन." मग त्याच्या ध्यानात आलं. घास तसाच हातात राहिला. "काय बोलतीस तू?"

"एक लुगडं बिगडवा. नुसतं काठाशी, निऱ्यांत जाईल असं. गळ्यात मारतील, घरी येईल. आज दुसऱ्याच्या चुकीचं कापड आनलंत, एक दिस आपल्या कामाचं आना."

"मी मुद्दाम बिगडवू?"

"मग साडेतीन कुटनं आनू?"

"आजपातुर ह्या हातानं मुद्दाम एक धागा चुकवला न्हाय मी."

"हाताचं कौतुक मथुराबाईला सांगू का मी? ओटीत हात घालू तुमचा?"

बरीच वादावादी झाली. शेवटी जोतीराम "बघू" म्हणाला, आणि जोतीरामचं "बघू" म्हणजे होकारच असे.

बजाबाई कामाला लागली. दोष एकच हवा होता, तोही लपणारा. बाकी लुगडं लेकीच्या अंगावर शोभायला हवं. म्हणून चार दिवस तिनं हिरव्या सुताच्या कांड्या निवडल्या. चारशे कांड्यांतून बिनगाठीच्या, सरळ सुताच्या साठ-सत्तर बाजूला काढल्या, त्यांच्या बुडाला हळदीचं बोट लावलं, आणि जोतीरामच्या साच्याशी त्याच पोचतील असं बघितलं. गाठाळ कांड्या आपल्या पायाशी टोपलीत ठेवल्या. निवडून कांड्या देणं नियमाबाहेर होतं, हे तिला ठाऊक होतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदा तिला कामात गोडी वाटत होती.

तिकडं जोतीराम साच्यापुढं उभा राहिला. धोट्यात हळदीचं बोट लागलेली कांडी घातली, आणि त्याला कळलं की हे सूत पूर्वीसारखं आहे. उभा धागा तुटला की तो साचा थांबवी, टोक शोधी, जोडी, मगच पुढं जाई. शेवटचा वार आला. काठाशी एक धागा सोडायचा, एवढंच काम. त्यानं बोट पुढं केलं. मागं घेतलं. पुन्हा पुढं केलं, तर धागा खरंच तुटला, आपोआप. आणि अकरा वर्षांच्या सवयीनं हातानं तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडून टाकला.

लुगडं टेबलावर गेलं. तपासनिसानं उजेडाला धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. चार महिन्यांत असलं कापड त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं त्यावर पहिल्या नंबरचा शिक्का मारला.

"पास झालं," जोतीराम घरी येऊन उंबऱ्यातच बसला.

बजाबाई बघतच राहिली. "पास? अवो, सगळ्या मिलचं कापड नापास हुतंय, आन् तुमाला एक धड नापास हुईना?"

"तू असल्या कांड्या कशाला दिल्यास?"

"पोरीच्या अंगावर चिंधी घालू का?"

रागावावं तर कुणावर, हेच दोघांना कळेना.

*

शनिवारी साचेवाल्यांनी ठरवलं, आता साहेबाला भेटायचं. साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, मडिवाळप्पा पुढं झाला. कापडाचे दंड थांबवा, दोष कापसाचा आहे, आमचा नाही, एवढंच मागणं. पगाराच्या वेळी सगळे तपासणीच्या खोलीपुढं जमले. बायकाही आल्या. बजाबाईच्या कनवटीला तिचे तीन रुपये होते. काय होतंय ते बघू, म्हणून तिनं आणले होते.

साहेब बाहेर आले. मुंबईकडचे, चाळिशीचे, बोलायला शांत. त्यांनी मडिवाळप्पाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मधे बोलले नाहीत. मग मागं वळून पंतांकडून एक कापड घेतलं आणि सगळ्यांपुढं उलगडलं.

हिरवं लुगडं.

"हे गेल्या आठवड्यात विणलंय," साहेब म्हणाले. "हाच कापूस. हाच साचा. माणूसही तुमच्यातलाच. पहिला नंबर. मग मला सांगा, दोष कापसाचा कसा?"

माणसं माना वळवून जोतीरामकडं बघू लागली. जोतीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"असा माल फार थोडा येतोय. म्हणून याला आता चार रुपये भाव मिळेल. जो चांगलं काम करील त्याला मोल आहे. मला पगार मिळतो तो त्याचाच, आणि याला बक्षीस मिळतं तेही त्याचंच." साहेबांनी खिशातून रुपया काढला आणि जोतीरामच्या तळहातावर ठेवला. "बाकीच्यांनी याच्याकडून शिकावं. दंड चालूच राहील."

बजाबाईचा हात कनवटीला गेला. तीन आणि एक, चार. लुगडं तिथंच पंतांच्या हातावर होतं. आज घेतलं तर उद्याच्या उद्या वळसंगला पोचवता येईल. मथुराबाईनं खुशाल उजेडाला धरावं, एक गाठ सापडायची नाही. फक्त गप्प राहायचं होतं.

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं. त्याची मूठ मिटली नव्हती. रुपया तसाच उघड्या तळहातावर पडला होता, एखादा किडा बसावा तसा. त्याच्या शेजारी ईरप्पा उभा होता, वीस वर्षांचा जुना साचेवाला. त्याच्या गळ्यात या महिन्यात तीन कापडं मारली होती. तो जोतीरामपासून एक पाऊल बाजूला सरकला. एकच पाऊल, पण बजाबाईनं ते बघितलं.

"सायेब," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "त्या लुगड्याच्या कांड्या मी निवडून दिल्या."

"काय?"

"चारशे कांड्या भरल्या, त्यातल्या साठ-सत्तर निगाल्या धड. त्येवढ्या ह्यास्नी दिल्या. बाकीच्या आत हायत, दावते." ती पळत खात्यात गेली, पायाशी ठेवलेली टोपली उचलून आणली आणि साहेबांच्या बुटापुढं उलटी केली. गाठाळ कांड्या अंगणभर घरंगळल्या. "हात लावून बघा. ह्यातनं पैला नंबर काडून दावा. तुमी दावा, न्हाय तर तुमचं अमदाबाद दावू द्या!"

माणसांत हशा पिकला. पंतांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांनी खाली वाकून खरंच एक कांडी उचलली. सूत ओढलं. तुटलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तुटलं. ते मूर्ख नव्हते, त्यांना कळलं होतं. ते बजाबाईलाही दिसलं, आणि म्हणूनच पुढचं तिला जास्त लागलं.

"मग रोज अशाच निवडून देत जा," साहेब म्हणाले.

"आन् उरलेल्या तीनशे कुणाच्या गळ्यात?"

साहेब पंतांकडं वळले. "कांड्या निवडून देणं नियमात बसतं?"

"नाही, साहेब," पंत पुटपुटले.

"मग बाईला एक रुपया दंड."

जोतीरामनं लगेच पुढं होऊन उघडा तळहात साहेबांसमोर धरला. "ह्यो घ्या," तो म्हणाला. साहेबांनी घेतला नाही. शेवटी पंतांनीच दोन बोटांनी तो रुपया उचलला आणि वहीत लिहून टाकला. कापडाच्या दंडाचं काय, असं मडिवाळप्पानं पुन्हा विचारलं, तेव्हा साहेब "विचार करू" म्हणाले आणि मोटारीत जाऊन बसले. तो विचार पुढं कुणाच्या कानावर आला नाही.

घरी जाताना ईरप्पा जोतीरामच्या बरोबरीनं चालत होता. त्यानं तंबाखूची चंची पुढं केली. बजाबाई मागून चालली होती. पोरीचं लुगडं मी माझ्या तोंडानं घालवलं, असं ती स्वतःशी म्हणत होती, आणि तसं न करता आलं असतं का, याचं उत्तर दर पावलाला बदलत होतं.

*

भिंतीशी पडलेली धोतरजोडी न कापलेली होती. नऊवारीला पुरेल एवढी लांब. बजाबाईनं ती रंगरेजाकडं नेली.

"अम्मा, गाठां भौत हैं," म्हातारा रंगरेज कापड चिमटीत धरून म्हणाला. "रंग बराबर नै बैठता."

"बसंल तेवडा बसू दे. हिरवा कर, म्हंजी झालं."

गाठींवर रंग गडद बसला. सगळ्या लुगड्यावर हिरव्यात हिरवे ठिपके उठले, अंगावर पुरळ यावं तसे.

वळसंगला मथुराबाईनं ते उजेडाला धरलंच. शेजारच्या बायका पुढं सरकल्या.

"गाठी लई हायत की हो विहीणबाई."

"व्हय," बजाबाई म्हणाली. "त्यातल्या बऱ्याच माज्या हायत."

"म्हंजी?"

"म्हंजी सूत तुटलं तिथं मी बांदलंय. तुटकंच दिलं असतं तर हे बी झालं नसतं."

मथुराबाईला यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं लुगडं घडी घालून वच्छलाच्या हातात दिलं. वच्छलानं लुगडं नेसलं, आणि ओटी भरेपर्यंत मांडीवरच्या एका ठिपक्यावरून बोट फिरवत राहिली. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती कांडीवरून असंच बोट फिरवायची. बजाबाईनं तिकडं बघायचं टाळलं. नारळ, खण, तांदूळ ओटीत घातले. लुगड्याच्या पायी तिला डोळ्यांत पाणी आणायचं नव्हतं.

लग्नसराई संपली. चार रुपयांचं लुगडं खिडकीत तसंच टांगलेलं राहिलं. मिलच्या चाळींत चार रुपये टाकून लुगडं घेणारं कोण होतं? बजाबाई दर शनिवारी तिथून जाई, आणि न बघायचं ठरवून बघे. उन्हाळाभर दुपारचं ऊन त्याच खिडकीतून आत येत असे. आषाढ लागला तोवर वरची घडी पार फिकी पडली होती, वाळक्या पानासारखी.

त्या शनिवारी ती थांबली.

"पंत, लुगडं बिगाडलं की हो."

पंतांनी मान वर केली. लुगड्याकडं बघितलं.

"हो. उडालाय रंग."

"आता हे कुणाच्या गळ्यात मारायचं?"

पंतांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मग ते गादीवरून उठले, सुतळीवरून लुगडं काढलं, उलगडून घडी उलटी केली, फिकी बाजू आत घातली, आणि पुन्हा टांगलं. टाचणी शोधून चिठ्ठी होती तशीच लावली. चाराचा आकडा.